मे महिन्यात चंद्रपूरला बांधकाम: मजुरांना ऊन लागू नये म्हणून नेमकं काय करायचं?

चांदा_साइट

चंद्रपूरपासून २५ किलोमीटरवर शाळेच्या दोन मजली इमारतीचं काम आहे. दोन्ही स्लॅब मे महिन्यात ओतायचे आहेत, दुसरा नेमका नवतप्यात (मे अखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस) येतोय. एकूण ३८ माणसं. २२ जण आसपासच्या गावांतले, त्यांत ९ रेजा (बायका मजूर). उरलेले १६ सेंट्रिंगवाले (स्लॅबचा साचा बांधणारे) आणि फिटर (सळई बांधणारे) बंगालहून ३ मे ला पोचतील, ४ तारखेपासून कामावर. त्यांची राहायची सोय पत्र्याच्या शेडमध्ये. गच्चीवर २००० लिटरची काळी टाकी, खाली जमिनीत हौद. दुपारी १२ ते ४ सुट्टी असते.

प्रश्न असे:
१. पारा किती झाला की काम बंद करायचं?
२. पाणी आणि ओआरएस किती, कसं द्यायचं?
३. कोणी कोसळलं तर १०८ येईपर्यंत काय करायचं? ग्रामीण रुग्णालय २५ मिनिटांवर आहे.
४. रात्री शेड इतकं तापतं की माणसं झोपत नाहीत. त्यावर स्वस्तातला उपाय?

"भरपूर पाणी प्या, टोपी घाला" हे पोस्टर गेटवर लावलेलंच आहे. त्याच्या पुढचं सांगा.

---

ग्रामीण_फिजिशियन

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. बाकी तिन्हींना दोन दिवस विचार करायला मिळतात, याला मिळत नाहीत.

पहिली गोष्ट, कातडी कोरडी पडली तरच उष्माघात, हे डोक्यातून काढून टाका. कष्टाचं काम करता करता ऊन लागलेला माणूस पुष्कळदा घामानं निथळत असतो. खूण कातडीत नाही, बोलण्या-चालण्यात आहे. माणूस असंबद्ध बोलतोय, उगाच अंगावर येतोय, झोकांड्या खातोय, त्याला झटके आले किंवा तो कोसळला, तर उष्माघात धरूनच कामाला लागायचं. नाव, गाव आणि आजचा वार विचारा. उत्तर चुकलं की थर्मामीटर शोधत बसू नका. पेटके, मळमळ, डोकं ठणकणं एवढंच असेल आणि बोलणं शाबूत असेल तर तो उष्णतेचा थकवा. त्याला सावलीत आडवं करा, पाय थोडे वर ठेवा, अंगावर ओलं कापड आणि घोटघोट ओआरएस द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना.

उष्माघातात शरीर किती तापलं याच्याइतकंच ते किती वेळ तापलेलं राहिलं हे महत्त्वाचं. ४० अंशांच्या वर गेलेलं शरीर पहिल्या अर्ध्या तासात ३९ च्या खाली आणलं तर बहुतेक माणसं वाचतात. तुमचं रुग्णालय २५ मिनिटांवर, त्यात गाडी यायचा वेळ वेगळा. म्हणजे उपचार तुमच्या साइटवरच करायचा आहे. आधी गार करायचं, मग हलवायचं.

क्रम असा:

एकानं १०८ ला फोन करायचा आणि गेटवर उभं राहायचं. बाकीच्यांनी माणसाला सावलीत नेऊन हेल्मेट, बूट, शर्ट, पँट काढायची. ओली जीन्स निघत नाही, म्हणून पेटीत कात्री हवी.

साधारण ८ बाय १० फुटांची ताडपत्री पसरा, माणसाला मधोमध उताणं ठेवा. पाच-सहा जणांनी कडा उचलून झोळी करायची. त्यात १०० ते १५० लिटर गार पाणी आणि असेल तेवढा बर्फ ओता. एकानं डोक्याकडे बसून त्याच्या काखांखालून हात घालायचे आणि डोकं सतत पाण्याबाहेर धरायचं. हे काम दुसरं कुठलंही करताना सोडायचं नाही. आणखी एकानं मग्गा घेऊन पाणी ढवळत राहायचं, कारण अंगाला चिकटून पाण्याचा कोमट थर तयार होतो आणि गार होण्याचा वेग पडतो.

अशा झोळीत शरीर मिनिटाला साधारण ०.१५ अंशानं उतरतं. ४२ वरून ३९ ला यायला वीसेक मिनिटं. थांबायचं कधी? काखेतला थर्मामीटर अशा वेळी खोटं सांगतो आणि गुदद्वारातला तुमच्याकडे नसणार. तेव्हा माणूस नीट उत्तरं देऊ लागला किंवा कुडकुडू लागला की झोळी थांबवा. पुसून सावलीत एका कुशीवर ठेवा.

आता हमखास होणाऱ्या चुका. बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट माणसाच्या तोंडात पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जातं. पॅरासिटामॉल देतात. तापात मेंदूनं शरीराचं तापमान वर बांधलेलं असतं आणि ही गोळी ते खाली आणते, पण उष्माघातात मेंदूनं काही बांधलेलंच नसतं, त्यामुळे फायदा शून्य आणि तापलेल्या यकृतावर ओझं. नुसत्या काखा-जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवून समाधान मानतात. काहीच नसेल तर ते करा, पण झोळीच्या मानानं ते फार हळू. आणि सगळ्यात मोठी चूक, माणूस उठून बसला, चहा मागितला, म्हणून त्याला घरी सोडतात. स्नायू वितळून किडनीत अडकणं, यकृत बिघडणं, रक्त गोठण्याची घडी विस्कटणं हे पुढच्या २४ ते ४८ तासांत वर येतं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर तेच. शुद्धीवर आला तरी भरती करायचंच.

फोन केला ती वेळ, गार करायला घेतलं ती वेळ कागदावर लिहून सोबत पाठवा. रुग्णालयात पोचल्यावर तापमान ३८ दिसलं आणि साइटवर काय घडलं हे कुणी सांगितलं नाही, तर निदान चक्कर किंवा हार्ट अटॅक असं लिहिलं जातं.

---

वऱ्हाडी_मिरची

डॉक्टरसाहेब, पटलं. पण इथली माणसं ४६ अंशांतच मोठी झालेली आहेत हो. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा, घरून निघताना कैरीचं पन्हं. बाहेरच्या साहेबांना वाटतं तेवढं आम्हाला ऊन लागत नाही.

---

साइट_सेफ्टी

मिरची भाऊ, दुपट्टा आणि पन्हं बिनशर्त मान्य. पन्ह्यात पाणी, मीठ, साखर तिन्ही आहेत. खिशातल्या कांद्यानं काही बिघडत नाही, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

सवयीचं म्हणणं अर्धं खरं आहे. शरीर उन्हाला सरावतं म्हणजे घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यातून मीठ कमी जातं आणि रक्ताचं पाणी वाढतं. याला ७ ते १४ दिवस लागतात आणि ते उन्हात राबूनच येतं, गावात जन्मल्यामुळे नाही. आठवडाभर लग्नाला जाऊन आलेल्या माणसाची सवय उतरायला लागलेली असते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेचा हिशोब आहे की बाहेरच्या कामांवर उन्हानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के पहिल्या काही दिवसांतच होतात.

म्हणून चांदा_साइट, तुमच्या प्रश्नातली मला सर्वात खटकलेली ओळ पाऱ्याची नाही. "३ मे ला पोचतील, ४ तारखेपासून कामावर" ही आहे. दोन दिवस रेल्वेत न झोपता आलेले १६ जण दुसऱ्या दिवशी सळई वाकवायला उन्हात उभे. त्यांना असं चढवा: पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाचा पाचवा हिस्सा, म्हणजे आठ तासांपैकी दीड तास, तोही सकाळचा. मग रोज २० टक्के वाढ, पाचव्या दिवशी पूर्ण काम. उरलेल्या वेळात सावलीतली कामं द्या: कव्हर ब्लॉक पाडणं, रिंगा बांधणं, सेंट्रिंगच्या प्लेटांना तेल लावणं. जुना पण आठवडाभर सुट्टीवरून आलेला असेल तर ५०, ६०, ८०, १०० असा चार दिवसांचा चढ. मुकादमाला हे आजच फोनवर सांगा. माणसं दारात आल्यावर सांगितलं तर तो भांडेल, आणि त्याचं चूकही नाही.

आता हजेरी. यावर कुठल्याही पोस्टरमध्ये एक अक्षर नसतं. चक्कर येतेय असं सांगितलं की अर्धी हजेरी कापली जात असेल, तर कोणीही सांगणार नाही. पडेपर्यंत काम करेल. सेंट्रिंग तर चौरस फुटावर उक्तं असतं, तिथे थांबणं म्हणजे खिशातून पैसे जाणं. दोन गोष्टी ठरवा. उन्हामुळे बसवलेल्या माणसाची हजेरी पूर्ण भरायची. आणि विश्रांती एकेकट्याला नाही, शिट्टी वाजली की अख्ख्या टोळीला. "कोणाला बसायचं असेल त्यानं बसा" म्हटलं की कोणीच बसत नाही. दोघादोघांच्या जोड्या लावा. स्वतःचा भ्रम स्वतःला कळत नाही, जोडीदाराला कळतो.

१२ ते ४ ची सुट्टी ऐकायला बरी, पण तुमच्याकडे पारा सर्वात वर दुपारी तीन-साडेतीनच्या सुमारास असतो आणि चारला फारसा उतरलेला नसतो. वर दिवसभर तापलेली प्लेट आणि सळई खालून शेकतात. पहाटे साडेपाच ते साडेअकरा हा एक मोठा पट्टा घ्या, संध्याकाळी साडेपाचनंतर दिवे लावून दोन तास. प्लेट आणि सळई सकाळीच चढवून घ्या, संध्याकाळी फक्त बांधणी.

स्लॅब रात्री ओता. ठेकेदार ऐकत नसेल तर माणसांचं नाव काढू नका, काँक्रीटचं काढा. भारतीय मानक आयएस ७८६१ प्रमाणे हवेचं तापमान ४० च्या वर असताना ओतणं हे उष्ण हवामानातलं काँक्रीटिंग धरलं जातं, त्याला वेगळी काळजी लागते. ओतताना काँक्रीट ४० च्या आत ठेवावं लागतं, नाहीतर तडे जातात. इंजिनिअर एवढ्यावर लगेच रात्रीची वेळ देतो. मिश्रणात घालायला बर्फ मागवतात, त्याच गाडीत माणसांसाठी दोन लाद्या जास्त घ्यायला मात्र कोणाला सुचत नाही.

पाण्याचा हिशोब: दर २० मिनिटांनी एक ग्लास, साधारण २५० मिली. तासाला माणशी पाऊण लिटर, ३८ माणसांना साडेअठ्ठावीस लिटर. आठ तासांत २२८ लिटर, म्हणजे २० लिटरचे बारा जार. तहान लागण्याची वाट पाहायची नाही, आणि उलट टोकही नको. तासाला दीड लिटरच्या वर नुसतं पाणी तासन्‌तास ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन माणूस तसाच भ्रमिष्ट होतो. पाणी खाली ऑफिसजवळ ठेवलं तर वर काम करणारा उतरत नाही, म्हणून माठ वरच्या मजल्यावर, सावलीत. एका माणसाला पाणी फिरवायचंच काम द्या. खर्रा (तंबाखू-सुपारी) तोंडात असलेला माणूस ग्लास नाकारतो, तेव्हा शिट्टी वाजली की आधी खर्रा थुंकायचा, मग पाणी.

आणि नऊ रेजा. त्यांच्यासाठी दार लागणारं, पाणी असलेलं संडास-मोरी साइटवर नसेल तर त्या पाणी पिणार नाहीत, मग तुम्ही कितीही जार आणा. बायका सकाळपासून लघवी नको म्हणून तहान मारतात, यात नवीन काही नाही. चार पत्रे, एक भांडं आणि एक ड्रम, दोन दिवसांचं काम आहे. पहिल्या स्लॅबच्या आधी करा.

---

हवामान_नोंदवही

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नुसत्या पाऱ्यावर काम बंद-चालू ठरवू नका.

हवामान खात्याचा आकडा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरवर, सावलीत मोजलेला असतो. स्लॅबवरचा माणूस त्या पेटीत नसतो. शिवाय उष्णतेची लाट जाहीर करायचे निकष लोकांना वाटतात त्याहून कडक आहेत. मैदानी भागात किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा सरळ ४५. तीव्र लाट सरासरीपेक्षा ६.४ च्या वर किंवा सरळ ४७. तेही उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस. चंद्रपूरची मे मधली सरासरीच इतकी वर आहे की ४४ ला लाट जाहीर होणार नाही, पण सळई उचलणाऱ्याला ४४ पुरेसे आहेत. किनाऱ्याकडे दमटपणा असतो, तिथे हिशोब आणखी वेगळा. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात १४ जण दगावले, त्या दिवशी तिथे पारा चाळिशीला पोचलेला नव्हता.

कामासाठी जो आकडा वापरतात त्याला डब्ल्यूबीजीटी म्हणतात. त्यात तीन थर्मामीटर: एकाच्या फुग्यावर ओली मलमलची वात, एक १५ सेंटीमीटर व्यासाच्या मॅट काळ्या तांब्याच्या गोळ्यात, एक साधा सावलीतला. ओल्याचं ७० टक्के, काळ्या गोळ्याचं २० टक्के, साध्याचं १० टक्के, बेरीज करायची.

उदाहरण म्हणून हे आकडे घ्या. विदर्भातली दुपार: साधा ४३, ओला २५, गोळा ५२. बेरीज १७.५ + १०.४ + ४.३ = ३२.२. कोकणातली दुपार: साधा ३६, ओला २९, गोळा ४५. बेरीज २०.३ + ९ + ३.६ = ३२.९. पारा सात अंशांनी कमी, तरी अंगावरचा ताण जास्त. कारण घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, टपकून खाली पडला तर काहीच नाही. आणि विदर्भाच्याच उदाहरणात वर शेडनेट बांधून गोळा ५२ वरून ४४ ला आणला तर बेरीज ३०.६ होते. दीड अंश, पण खालचा हिशोब पाहिला की त्या दीड अंशाची किंमत कळेल.

सरावलेल्या माणसाच्या मध्यम कामासाठी, म्हणजे सळई बांधणं, विटा लावणं वगैरे: २८ पर्यंत जवळजवळ सलग. २९ ला तासातला अर्धा ते पाऊण तास काम, बाकी सावलीत. ३० ला पाव ते अर्धा तास. ३१.५ ला पाव तासाच्या आत. त्यापुढे बंद. घमेली वाहणं, खोदकाम अशा जड कामाला हाच हिशोब साधारण एक ते दीड अंश आधी सुरू होतो. न सरावलेल्याला आणखी दोन-तीन अंश आधी. हातात धरायचे डब्ल्यूबीजीटी मीटर मिळतात. तिपाईवर कमरेच्या उंचीला ठेवा, पंधरा मिनिटं स्थिर होऊ द्या. ऑफिसच्या एसीतून काढून लगेच वाचलेला आकडा खोटा. आणि मोजायचं ते काम चालतं तिथे, स्लॅबवर.

जुन्या वेळापत्रकाबद्दल एक बोलायचं होतं. "आम्ही कायम १२ ते ४ च सुट्टी देतो" हे ज्या उन्हाळ्यांवर बेतलेलं आहे ते उन्हाळे सरकलेत. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातलं सर्वात उष्ण वर्ष २०२४ निघालं, १९९१ ते २०२० च्या सरासरीपेक्षा ०.६५ अंशानं वर. ०.६५ ऐकायला किरकोळ वाटतं, पण सरासरी एवढी सरकली की टोकाचे दिवस कितीतरी वाढतात. माझ्या मते साइटसाठी खरा बदल रात्रीचा आहे. दिवसा ४० च्या वर आणि किमान तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर खातं "उष्ण रात्र" म्हणून इशारा देतं. तो इशारा आला की दुसऱ्या दिवशीचं काम आपणहून एक पायरी खाली आणा. रात्रभर हृदयाचे ठोके उतरलेच नाहीत तर माणूस सकाळी साडेपाचलाही ताजा नसतो.

---

मेडिकल_काउंटर

दोन गोष्टी, दोन्ही दुकानातून विकत घेतल्या जाणाऱ्या.

एक, दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक आणि त्यांची पॅरासिटामॉलबरोबरची जोडगोळी मजूर रोज संध्याकाळी कंबरेसाठी घेतात. शरीरात पाणी कमी पडलं की किडनी स्वतःकडे येणारी रक्तवाहिनी काही द्रव्यं तयार करून उघडी ठेवते. या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं बंद करतात. घाम, कमी पाणी आणि ही गोळी एकत्र आले की किडनीचा पुरवठा तुटतो. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये उसाच्या फडात राबणाऱ्या तरुण, मधुमेह-बीपी नसलेल्या माणसांच्या किडन्या मोठ्या संख्येनं निकामी झाल्या. उन्हातले कष्ट आणि वारंवारचं निर्जलीकरण हे त्यामागचं एक मुख्य कारण मानलं जातं. तिथल्या उपायाचं सूत्र सावली, विश्रांती, पाणी एवढंच आहे. तुमच्याकडे ३८ माणसं आहेत, काम सुरू होताना आणि संपताना प्रत्येकाचं सिरम क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) करून ठेवा, तपासणी महाग नाही. साइटच्या पेटीत डायक्लोफिनॅक ठेवू नका. दुखण्यावर बाम, शेक, लागलीच तर साधी पॅरासिटामॉल (थकव्याच्या दुखण्यावर, उष्माघातावर नाही, वर डॉक्टरांनी सांगितलंच आहे).

बीपीची लघवी वाढवणारी गोळी, मानसिक आजाराची काही औषधं, लिथियम, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, यांनी घाम किंवा पाण्याचा तोल बिघडतो. गोळी बंद करा असं मी म्हणत नाही. अशा माणसांची यादी मे च्या आधी डॉक्टरांना दाखवा, डोस ते बघतील.

दोन, ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट २०.५ ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यासाठी. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ढवळून देणं ही सर्रास चूक, ते इतकं दाट होतं की उलटी किंवा जुलाब होतात. दोन ग्लासांत अर्धं असंही करू नका, भुकटी सारखी वाटली जात नाही. लिटरची बाटली घ्या, २४ तासांनी उरलेलं फेका. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. दुकानात फळांच्या चवीचे गोड टेट्रापॅक ओआरएसच्या नावावर विकले जायचे, त्यात साखर भरमसाठ आणि मीठ नाममात्र. २०२५ मध्ये अन्न सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेनं, एफएसएसएआयनं, अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. पाकिटावर लिटरमागे २.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज छापलेलं असेल ते घ्या.

सगळ्यांना दिवसभर ओआरएस पाजायची गरज नाही. दोन वेळचं जेवण नीट असेल तर साधं पाणी आणि मधे एकदा मीठ घातलेलं ताक पुरतं. उपाशीपोटी फक्त चहा-बिस्किटावर आलेल्या माणसाला मात्र मीठ कमी पडतं, पेटके त्यालाच येतात.

---

कूलर_दुरुस्ती

शेडबद्दल. पत्र्यावर चुना मारू नका, दोन आठवड्यांत पापुद्रे निघतात. चुना सिमेंटच्या गच्चीला ठीक. पत्र्याला पांढरा अक्रिलिक किंवा सोलर रिफ्लेक्टिव्ह पेंट, आधी गंज आणि धूळ घासून, दोन हात. धुळीनं काळवंडला की निम्मा उपयोग जातो, म्हणून पंधरा दिवसांनी धुवा. आतून पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूवर शेडनेट किंवा पोत्यांचं छत ताणा आणि दोन्ही टोकांना ते अंतर उघडं ठेवा, म्हणजे तापलेली हवा बाहेर जाते. पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या (कापूस-तुरीच्या वाळल्या काड्या) वर रचणंही गावात चालतं, पण शेडजवळ चूल असेल तर ते करूच नका.

कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीत कूलर म्हणजे अर्ध्या तासात मुंबई. नुसता पंखा ४० च्या वरच्या कोरड्या हवेत अंगावर झळच फेकतो, तेव्हा बनियान ओलं करून बसायचं.

कूलरचा शॉक हा विदर्भात उन्हाळ्याचा ठरलेला बळी आहे. पत्र्याची बॉडी, ओली फरशी, सोललेली पंपाची वायर. तीन पिनी प्लग, खरंखुरं अर्थिंग आणि शेडच्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण). पाणी भरताना प्लग काढायचा, फक्त बटण बंद करून भागत नाही. दर आठवड्याला टाकी रिकामी करून कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात आणि पाऊस आला की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे उघड्यावर, बाजेवर, मच्छरदाणीत झोपणं. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचल्या तर मण्यारही आत येत नाही. जमिनीवर झोपवू नका.

---

चांदा_साइट

सगळ्यांचे आभार. मुकादमाशी बोललो. पाच दिवसांचा चढ मान्य, पण त्या दिवसांची हजेरी पूर्ण लागणार. ठेकेदाराला ते पटवायचंय. रात्रीचा स्लॅब ठरला. रेजांसाठी संडास-मोरीचे पत्रे उद्या येतायत.

झोळीबद्दल एक शंका. १५० लिटर पाणी गार करायला बर्फ किती ठेवायचा? आणि काळ्या टाकीचं पाणी चालेल का?

---

ग्रामीण_फिजिशियन

काळ्या टाकीचं पाणी अजिबात नको. दुपारी दोनला त्या नळाखाली हात धरवत नाही, गार करायला जाऊन माणूस शेकाल. हौदातलं घ्या.

हिशोब सोपा आहे. हौदाचं पाणी ३२ अंश धरा, ते १५ वर आणायचं: १५० लिटर गुणिले १७, म्हणजे २५५० किलोकॅलरी. एक किलो बर्फ वितळून १५ अंशांपर्यंत येताना साधारण ९५ घेतो. म्हणजे २७ किलो. गळती धरून ३५ ते ४० किलो ठेवा, भुशात आणि पोत्यात गुंडाळून, सावलीत, हौदाच्या शेजारी. माणसाला तीन अंश उतरवायला मात्र फक्त पावणेदोनशे किलोकॅलरी लागतात, दोन किलो बर्फाइतक्या. बाकी सगळा बर्फ वेगासाठी आहे. म्हणून एखाद्या दिवशी लादी आली नाही तरी झोळी रद्द करू नका. २६-२८ अंशांचं पाणीही काम करतं, फक्त ढवळणं थांबवू नका आणि पाणी बदलत राहा.

बर्फ माठात टाकायला कोणीतरी नेणारच. पिण्याचा वेगळा आणा आणि झोळीच्या पोत्यावर लाल रंगानं फुली मारा. ३ मे ला माणसं आली की ४ तारखेच्या सकाळी एकदा कोरड्या ताडपत्रीवर एखाद्या धडधाकट गड्याला उचलून बघा. कडा कोण धरणार, डोकं कोण धरणार, कात्री कुठे आहे, आणि बंगालीत नाव-गाव-वार कोण विचारणार, हे तेव्हाच ठरवा.